आधी अंकांची यादी, मग निर्लेखन: शंभरी ओलांडलेल्या ग्रंथालयांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील शंभर वर्षांहून जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांचे विश्वस्त, कार्यकारी मंडळांचे सदस्य आणि ग्रंथपाल यांस

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीचे वाचनालय 1828 मधले, नाशिकचे 1840 मधले, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 मधले आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 मधले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये आणि मुंबईचे 1898 मध्ये उभे राहिले. यांच्या मागोमाग तालुक्याच्या गावांत निघालेल्या वाचनालयांची मोजदाद केली तर मराठी वाचनाचा पावणेदोनशे वर्षांचा साठा आपल्या संस्थांनी सांभाळला आहे असे म्हणावे लागते, आणि त्यासाठी आपले व आपल्या पूर्वसूरींचे ऋण मी मनापासून मानतो. या साठ्यातील एका भागाविषयी, म्हणजे जुन्या नियतकालिकांविषयी, मला आपल्यापुढे एक स्पष्ट विनंती ठेवायची आहे. आपल्या संग्रहातील 1970 पूर्वीच्या सर्व मासिकांची, साप्ताहिकांची आणि वृत्तपत्रांची अंकनिहाय यादी तयार होईपर्यंत त्यांतील एकही अंक निर्लेखित करू नये, म्हणजे नोंदीतून कमी करून काढून टाकू नये. यादी झाल्यावर ती वाचकांसाठी खुली करावी. आणि ज्यांना हे अंक पाहायचे आहेत त्यांना ते ग्रंथालयात बसून पाहू द्यावेत.

ही विनंती ग्रंथांऐवजी नियतकालिकांसाठी करण्याचे कारण असे की दुर्मीळ ग्रंथाला आपल्याकडे थोडाफार मान आहे. जुने पुस्तक दाखल नोंदवहीत स्वतंत्र क्रमांकाने नोंदलेले असते, त्याला लेखक असतो, शीर्षक असते आणि ते नाहीसे झाले तर निदान नोंदवहीतील ओळ तरी उरते. मासिकाचे तसे होत नाही. बारा अंक एकत्र शिवले जातात, पुठ्ठ्यावर वर्ष लिहिले जाते आणि त्या बारांपैकी चार अंक मुळातच गहाळ होते ही गोष्ट कोठेही लिहिलेली नसते. न बांधलेले सुटे अंक सुतळीने बांधून माळ्यावर जातात आणि जागेची अडचण आली की निर्लेखनाच्या यादीत सर्वांत आधी ‘जुनी मासिके, गठ्ठे इतके’ अशी एक ओळ येते. त्या एका ओळीत काय काय निघून जाते हे सभेत बसलेल्या कोणालाही सांगता येणार नाही, कारण गठ्ठा कोणी सोडलेलाच नसतो.

त्या गठ्ठ्यांत काय असू शकते, हे थोडे विस्ताराने सांगतो. लोकहितवादींची शतपत्रे आज आपण पुस्तकरूपाने वाचतो, पण ती 1848 ते 1850 या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात एकामागून एक येत होती. पत्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याच अंकातील सरकारी बातम्या, व्यापाराच्या खबरी आणि इतर वाचकांचा मजकूर होता, आणि पेशवाई बुडून तीस वर्षे झालेल्या समाजाला ती पत्रे कशी टोचली असतील हे त्या शेजारावरून अधिक नीट कळते. 1867 मध्ये सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’त रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871 पासून क्रमशः येऊ लागली. मराठीतील आरंभीच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांपैकी ही एक महत्त्वाची कादंबरी वाचकांनी महिनोन्‌महिने वाट पाहत वाचली होती. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरीही ‘करमणूक’ पत्रातून अशीच हप्त्याहप्त्याने घरोघरी पोहोचली. हप्ता कोठे तोडला आहे, पुढच्या अंकात लेखकाने काय दुरुस्त केले आहे, वाचकांच्या पत्रांना काय उत्तर दिले आहे, या गोष्टी पुस्तकाच्या आवृत्तीत उरत नाहीत. त्या पाहायच्या तर अंकच हवा.

जळगावहून नारायण नरसिंह फडणीस यांनी 1887 मध्ये ‘काव्यरत्नावली’ सुरू केले. पुण्या-मुंबईपासून दूर, खानदेशातून, निव्वळ कवितेला वाहिलेले मासिक काढून ते वर्षानुवर्षे चालवणे ही त्या काळी किती मोठी गोष्ट होती याची कल्पना आज करणेही कठीण आहे. केशवसुत 1905 मध्ये गेले तेव्हा त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. त्यांची कविता ‘काव्यरत्नावली’, ‘करमणूक’, ‘मनोरंजन’ अशा नियतकालिकांच्या पानांत विखुरलेली होती. आधुनिक मराठी कवितेचा पाया ज्याने घातला असे आपण म्हणतो त्या कवीचा मुख्य आधार काही काळ हे मासिकांचे अंकच होते. त्या वेळच्या एखाद्या कार्यकारिणीने ते जागा अडवतात म्हणून काढून टाकले असते तर काय झाले असते, याचा विचार आजच्या कार्यकारिणीने जरूर करावा.

अंक जपणे म्हणजे त्यातील लेख जपणे, असा एक समज ग्रंथालयांत रुजलेला आहे आणि त्याने फार हानी केली आहे. पूर्वी मासिके बांधताना मुखपृष्ठे व मलपृष्ठे काढून टाकण्याची, जाहिरातींची पाने गाळण्याची आणि बांधणी सरळ दिसावी म्हणून कडा छाटण्याची सर्रास पद्धत होती. पुष्कळ बांधीव खंडांत आज अंकाचा महिनाही लागत नाही, कारण तो मुखपृष्ठावर होता. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला हे आपण अभिमानाने सांगतो, पण त्या काळातील मासिकांचे चित्रकार कोण होते, वर्गणी किती होती, टपालहशील किती पडे, कोणत्या औषधांच्या, साबणांच्या, पुस्तकांच्या आणि नाटकांच्या जाहिराती येत, त्या कोणत्या गावांतून येत, हे सांगणारी पाने नेमकी तीच, जी कातरून टाकली गेली. स्त्रियांना उद्देशून केलेली पहिली जाहिरात, पोच देताना छापलेली वर्गणीदारांची नावे, ‘आमच्याकडे आलेली पुस्तके’ या सदरातील, आज अन्य कोठेही उल्लेख न सापडणारी शीर्षके: सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याला हे सारे अग्रलेखाइतकेच मोलाचे आहे. ज्या ग्रंथालयाजवळ मूळ वेष्टणासह सुटे अंक शिल्लक असतील त्याने ते पुन्हा बांधायला देऊ नयेत. आम्लरहित कागदात गुंडाळून पेटीत आडवे ठेवावेत. 

याहून अवघड प्रश्न आहे तो ग्रंथालयांनी कधी घेतलेच नाहीत अशा नियतकालिकांचा. कोणते पत्र मेजावर ठेवायचे हे त्या त्या गावातील प्रतिष्ठित मंडळी ठरवीत. ‘केसरी’ बहुतेक ठिकाणी आला. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये काढलेले ‘दीनबंधु’, जोतीराव फुल्यांच्या ‘सत्सार’चे 1885 मधले अंक, 31 जानेवारी 1920 रोजी सुरू झालेला ‘मूकनायक’ आणि 3 एप्रिल 1927 पासूनचा ‘बहिष्कृत भारत’ यांना त्या मेजावर सहसा जागा मिळाली नसणार. बाबासाहेबांच्या या दोन पत्रांचे उपलब्ध अंक महाराष्ट्र शासनाने 1990 मध्ये एकत्र प्रसिद्ध केले, आणि ते शक्य झाले ते व्यक्तींनी व संस्थांनी निष्ठेने जपलेल्या प्रतींमुळे. र. धों. कर्व्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ 1927 ते 1953 असे सव्वीस वर्षे चालले, पण ते उघडपणे वाचनालयात ठेवण्याचे धाडस किती ठिकाणी झाले असेल? शि. म. परांजप्यांचे ‘काळ’ 1910 मध्ये सरकारी दडपणाने बंद पडले आणि त्यांतील निबंधांचे संग्रह जप्त झाले. असे छापील कागद घरात ठेवणेही तेव्हा जोखमीचे होते. म्हणून माझे म्हणणे असे की या प्रकारचा एखादा फाटका, सुटा, वर्षक्रम तुटलेला अंक आपल्या माळ्यावर कोणाच्या तरी देणगीतून आलेला असेल, तर त्याचे मोल पूर्ण संचाच्या मोलाहून कमी नाही. ‘संच अपुरा’ हा शेरा निर्लेखनाचे कारण म्हणून फार वेळा लिहिला जातो. तो यापुढे कारण म्हणून चालू देऊ नये.

एका प्रतीवर किती अवलंबून असते याचे उदाहरण ग्रंथांतही आहे. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 1882 मध्ये छापला गेला. जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये त्याची बाजू घेतली, आणि नंतर हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा मराठी वाचकांना कळले की आपल्या भाषेत स्त्रीने स्त्रीच्या बाजूने इतक्या तडफेने लिहिलेला निबंध नव्वद वर्षांहून अधिक काळ पडून होता. ती जुनी प्रत टिकली, कोणाच्या तरी हाती लागली आणि हाती लागलेल्या माणसाला तिची किंमत कळली, या तिन्ही गोष्टी जुळून आल्या. यातील पहिली गोष्ट पूर्णपणे आणि दुसरी बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

छापील जुन्या साहित्याला शासनाच्या योजनांचे छत्र हस्तलिखितांइतके नाही, हेही आपण लक्षात घ्यावे. 2003 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी अभियानाने हस्तलिखिताची व्याख्या निदान पंच्याहत्तर वर्षे जुने हाताने लिहिलेले साहित्य अशी केली आणि शिळाछाप (दगडावरून छापलेले) व छापील ग्रंथ तिच्या बाहेर ठेवले. आता मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निघालेली शिळाछाप पुस्तके पाहा. लेखनिकाच्या वळणदार अक्षरातली, पोथीसारख्या आडव्या पानांची ही पुस्तके पाहणाऱ्याला हस्तलिखितच वाटतात, आणि दुर्मिळतेच्या दृष्टीने ती कित्येक हस्तलिखितांच्या बरोबरीची आहेत. 1867 पूर्वीच्या या दोलामुद्रितांची, म्हणजे छपाईच्या बाल्यावस्थेतील पुस्तकांची, गणना पोथ्यांत होत नाही आणि ती रोजच्या देवघेवीच्या पुस्तकांतही बसत नाहीत. अशा मधल्या वस्तूंची काळजी आपल्याखेरीज दुसरे कोणी घेणार नाही.

कागदाचा प्रश्न तर याच्या उलट दिशेने जातो, आणि तो समजून घेतला नाही तर काळजी चुकीच्या कपाटाची घेतली जाते. चिंध्यांपासून केलेला जुना कागद दीडशे वर्षांनंतरही लवचीक राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्यात तुरटीमुळे आम्ल राहिले, आणि हा कागद आतूनच पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यामुळे 1840 च्या सुमाराचे पुस्तक धड असते आणि 1940 च्या सुमाराचे मासिक पान उलटताच मोडते, विशेषतः दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईच्या वर्षांतले. साठीच्या दशकातील सायक्लोस्टाइल केलेली लघुअनियतकालिके (लेखकांनी स्वतः काढलेली, अनियमित निघणारी छोटी पत्रे) त्याहून नाजूक; त्यांच्या प्रतीच मुळात थोड्या निघाल्या. म्हणून ‘दुर्मीळ’ ठरवताना केवळ वय पाहू नये. चिकटपट्टीने फाटके पान जोडणे तातडीने थांबवावे, कारण काही वर्षांत पट्टी निघून जाते आणि तिचा तपकिरी डाग अक्षरांवर कायमचा राहतो. कसर आणि वाळवी यांच्यासाठी डांबरगोळ्यांवर विसंबण्यापेक्षा कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे, खालचा कप्पा रिकामा ठेवणे आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक गठ्ठा एकदा उघडून पाहणे अधिक उपयोगी पडते. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने 2005 आणि 2021 असे दोन महापूर सोसले आहेत. नदीकाठच्या प्रत्येक ग्रंथालयाने त्यापासून निदान एवढे शिकावे की तळमजल्यावर जुने अंक ठेवायचे नाहीत.

आता यादीविषयी. शंकर गणेश दाते यांनी एकट्याच्या जिद्दीने 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची सूची केली आणि ती 1944 मध्ये प्रसिद्ध झाली; 1938 ते 1950 या काळाचा पुढचा खंड 1961 मध्ये आला. त्यांच्या कार्याच्या धाग्यावरच मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने 1800 ते 1950 या काळातील मराठी नियतकालिकांची सूची 1969 मध्ये काढली. या कामांपुढे मी नतमस्तक आहे. पण त्या सूचीला अर्धे शतक उलटून गेले आहे, आणि तेव्हा जे अंक कोणाला पाहायला मिळाले ते आज कोठे आहेत हे सांगणारी एकत्रित नोंद वाचकाच्या हाती नाही. परिणामी नगरचा अभ्यासक ‘ज्ञानोदया’चे एखादे वर्ष शोधत पुण्या-मुंबईला जातो आणि ते कदाचित त्याच्याच जिल्ह्यातील एखाद्या वाचनालयात पडून असते. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी अभ्यासकांची गोष्ट आणखी वेगळी: 1867 च्या छापखाना व पुस्तक नोंदणी कायद्यान्वये सरकारजमा झालेल्या पुष्कळ मराठी पुस्तकांच्या प्रती लंडनला गेल्या आणि ब्रिटिश लायब्ररीत त्या सूचीबद्ध आहेत, म्हणून एखादे मराठी पुस्तक महाराष्ट्रात शोधण्यापेक्षा लंडनमध्ये मागवणे त्यांना सोपे जाते. ते पुस्तक आपल्याकडे नाही म्हणून असे घडते असे नाही. ते आपल्याकडे आहे हे कोणाला ठाऊक नसते.

यादी करायला महागडी यंत्रणा लागत नाही. नियतकालिकाचे नाव, संपादक, गाव, छापखाना, वर्ष, अंक, महिना, मुखपृष्ठ आहे की नाही, पाने पूर्ण आहेत की नाही आणि कोणाच्या देणगीतून आले, एवढ्या रकान्यांचा साधा तक्ता पुरे. शक्य असेल तेथे जुन्या दाखल नोंदवहीशी ताळा घालावा, आणि ती नोंदवहीही जपावी, कारण गावातील कोणत्या घराण्याने काय वाचले आणि काय दिले याचा तो एकमेव लेखी पुरावा असतो. महाविद्यालयांतील मराठीच्या व इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडून हे काम ग्रंथपालांच्या देखरेखीखाली उत्तम होऊ शकते.

छायांकनाला, म्हणजे पाने यंत्राने टिपून संगणकावर घेण्याला, माझा विरोध नाही, पण क्रम चुकू नये अशी माझी ठाम धारणा आहे. आधी यादी, मग निवड, त्यानंतर छायांकन. घाईने कंत्राट देऊन, पाठीची शिवण कापून पाने यंत्रातून ओढायची आणि नंतर ‘आता संगणकावर आहे’ म्हणून मूळ अंक रद्दीत घालायचे, हा उद्योग जतनाच्या नावाखाली होणारा नाश आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात हजारो मराठी पुस्तकांची पाने टिपली गेली, मात्र नोंदी रोमन लिपीत इतक्या वेड्यावाकड्या झाल्या की नेमके पुस्तक शोधणे नशिबावर सोपवावे लागते. यादी नीट नसली की छायांकनही हरवते, हे त्यावरून दिसले. कायद्याची भीती पुष्कळ कार्यकारिणींना वाटते. स्वामित्वहक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला, त्याच्याजवळ छापील प्रत असेल तर, जतनासाठी तिची संगणकीय प्रत साठवण्याची मुभा दिलेली आहे. ती प्रत सर्वांसाठी महाजालावर ठेवायची असेल तेव्हाच प्रत्येक लेखकाच्या हक्काचा स्वतंत्र विचार करावा लागतो, आणि एकोणिसाव्या शतकातील बहुतांश मजकुराबाबत तोही प्रश्न उरलेला नाही.

सर्वांत नाजूक मुद्दा वाचकांना प्रवेश देण्याचा. चोरी होते, पाने फाडली जातात, ब्लेडने चित्रे कापली जातात, हा आपला अनुभव खरा आहे आणि त्यामुळे कुलूप लागले हेही मी समजू शकतो. तरीही विभागप्रमुखाचे पत्र, दोन सभासदांची शिफारस, अध्यक्षांची सही आणि ते गावात नसतील तर पुढच्या महिन्यात या, अशी रचना प्रामाणिक वाचकालाच परत पाठवते. त्याऐवजी ओळखपत्राची नोंद, एका वेळी एकच खंड, ग्रंथपालांच्या नजरेसमोरचे मेज, शाईऐवजी पेन्सिल, स्वच्छ कोरडे हात, खंडाखाली मऊ आधार आणि परत घेताना पाने तपासणे, एवढे नियम लावले तर धोका पुष्कळ कमी होतो. फ्लॅशविना मोबाइलवर छायाचित्र घेऊ द्यावे. झेरॉक्स यंत्राच्या काचेवर जुना खंड पालथा दाबण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित आहे. शाळेतल्या मुलांना वर्षातून एकदा हे अंक जवळून दाखवावेत. 6 जानेवारी 1832 ही ‘दर्पण’ची तारीख पाठ करणाऱ्या मुलाने त्या शतकातील एखादे मराठी पत्र, शेजारी शेजारी चालणारे स्तंभ आणि जुन्या वळणाचे खिळे आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असावेत, असे मला मनापासून वाटते.

ग्रंथालय संचालनालयालाही या पत्राची प्रत मी पाठवत आहे. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने उभी राहिलेली अनुदानाची चौकट चालू वाचकसेवेभोवती फिरते, आणि जुन्या संग्रहाचे जतन तिच्यात ठळकपणे दिसत नाही. शंभर वर्षांवरील ग्रंथालयांना नियतकालिकांच्या सूचीसाठी स्वतंत्र, लहानसे का होईना, अनुदान मिळावे आणि निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत अंकनिहाय यादी जोडणे बंधनकारक व्हावे, ही माझी संचालनालयाकडे मागणी आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा या कामासाठी निधी मागण्याची याहून योग्य वेळ कोणती?

संचालनालयाच्या निर्णयाला वेळ लागेल. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेला लागणार नाही. येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्यावा: 1970 पूर्वीच्या नियतकालिकांचे निर्लेखन अंकनिहाय यादी पूर्ण होईपर्यंत स्थगित. ठराव मंजूर झाल्यास तो सूचनाफलकावर लावावा, म्हणजे यादीच्या कामाला हात लावू इच्छिणारे आम्ही वाचक आपल्याकडे नाव नोंदवायला येऊ.

आपला नम्र,
जुन्या मराठी नियतकालिकांचा एक वाचक